दुसरी कळ दाबेपर्यंत चंद्र मागे!

तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला 300 कोटी ठोके. हा आकडा नुसता कानावरून जाऊ नये म्हणून चला, दर ठोक्याला एक पाऊल टाकू. पाऊल पाऊण मीटरचं. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, म्हणजे 2 लाख पावलं. मग आपला हा गडी एका सेकंदात मुंबईहून पुणं किती वेळा गाठेल? 15 हजार वेळा!

आता त्याची गाठ घालून द्या लॅपटॉपच्या टचपॅडशी. बरेच टचपॅड आयटूसी पद्धतीने, दोन तारांवरून बोलतात. फिलिप्सने 1982 साली काढलेली ही पद्धत, मूळ वेग सेकंदाला 1 लाख बिट. एक बाइट आणि तो मिळाल्याची पोच मिळून 9 बिट, म्हणजे 90 मायक्रोसेकंद. तेवढ्यात गडी 2 लाख 70 हजार पावलं चालून पुणं ओलांडतो आणि शिरवळच्या आसपास पोचतो. एका बाइटसाठी! बोट कुठे टेकलंय हे सांगायला असे दहा बाइट लागले, तर 27 लाख पावलं.

खरी पंचाईत पुढेच आहे. टचपॅडने इंटरप्ट दिला, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ अशी हाक मारली, की प्रोसेसर हातातलं काम टाकून त्या हाकेला ओ देणाऱ्या, ड्रायव्हरच्या हँडलरमध्ये शिरतो, आणि हँडलरमध्ये असताना झोपायला, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामाला सोडून वाट बघायला, सक्त मनाई. मग उत्तर येईपर्यंत तिथेच तिष्ठत राहायचं? 27 लाख पावलं वाया? छे! लिनक्समध्ये 2009 साली यावर झकास सोय आली. हँडलरने फक्त हाक ऐकायची, ती इंटरप्टची लाइन तात्पुरती बंद ठेवायची आणि तारांवरची रेंगाळती बोलणी एका वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या कामावर, सोपवायची. थ्रेड खुशाल झोपतो, गडी दुसऱ्या कामाला लागतो. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

आता दुसरं उदाहरण, हार्ड डिस्क घ्या. मिनिटाला 7200 फेरे, एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. आपल्या डोळ्यांना हा वेग झेपत नाही, पण गड्याच्या हिशेबात तो एक फेरा म्हणजे अडीच कोटी पावलं. 125 वेळा मुंबई-पुणे!

आणि आपली बोटं? सेकंदाला पाच कळा दाबणारा टायपिस्ट चांगला चपळ. त्याच्या दोन कळांमध्ये 0.2 सेकंद. 60 कोटी पावलं. साडेचार लाख किलोमीटर. चंद्र आहे सरासरी 3 लाख 84 हजारांवर! दुसरी कळ दाबायच्या आत गडी चंद्रही मागे टाकून पुढे गेलेला. आणि पहिल्या कळेचा इंटरप्ट एका मायक्रोसेकंदात उरकला असं धरलं, तर एवढ्या वाटचालीत तिच्यासाठी खर्ची पडलेली पावलं किती? तीन हजार. जेमतेम सव्वादोन किलोमीटर!