चटईबाहेरची जागा

14 ऑगस्ट 2025 रोजी मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांना पुनर्विकसित घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर, तेही स्वतंत्र शौचालयासह, हा लाभ लहान नव्हे; दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे सामाईक संडासाची रांग धरणारे वृद्ध ज्यांनी पाहिले, ते चाळीचे गोडवे सहसा गात नाहीत. तरीही या चाळींतील खोल्यांच्या दोन रांगांमधल्या बोळाने आणि गिरगावातल्या चाळींच्या गॅलरीने म्हातारपणाला जी सोबत पुरवली, तिची नोंद कोणत्याही हिशेबात झाली नाही.

या विसराची खरी मेख मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या, म्हणजे उपकरप्राप्त, इमारतींच्या पुनर्विकासाला तिच्या 33(7) या नियमाने वाट दिली आणि भाडेकरूचा हक्क किमान 225 चौरस फूट चटई क्षेत्र असा मोजला. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जमीन. म्हाताऱ्याची चटई मात्र दुपारी गॅलरीतच पसरलेली असे, हे नियम लिहिणाऱ्यांना सुचले नाही, किंवा सुचूनही परवडले नाही. शाळेतून परतणारी मुले, भाजीवाली, पोस्टमन, समोरच्या खोलीतले भांडण हे सारे त्या चटईवरून जात असल्यामुळे भेटीगाठींसाठी जिना उतरावा लागत नसे, आणि एखादे दार सकाळी उघडले नाही तर ते शेजाऱ्यांच्या लगेच ध्यानात येई.

1999 हे संयुक्त राष्ट्रांचे ज्येष्ठ नागरिक वर्ष होते आणि केंद्राचे ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरणही त्याच वर्षी आले. पण मुंबईत त्याच सुमारास उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकाम, अडीचपर्यंत वाढवला गेला. गॅलऱ्या पाडण्याचा मोबदला म्हणून जणू ज्येष्ठांसाठीची ‘नाना-नानी पार्क’ ही उद्याने आली, जिथे वृद्धांना कुंपणाआड फक्त वृद्धच भेटतात. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 33 शहरांच्या पाहणीवरून वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. तोवर गिरगाव-दादरच्या कितीतरी चाळी जमीनदोस्त झाल्या होत्या.

चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात आता पोडियम असतो, म्हणजे वाहनतळाच्या मजल्यांवरचे सपाट अंगण, पण तिथवर उतरायला लिफ्ट लागते. आणि घराच्या दाराशी खुर्ची टाकून बसावे, तर अग्निसुरक्षेच्या नियमाने ती वाट मोकळी ठेवावी लागते.