कोंडाण्याच्या लेण्याचें दर्शनी रूप

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे गेलें म्हणजे कोंडाण्याच्या रानांत, दाट झाडीआड, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कड्यांत कोरलेला बौद्ध विहार लागतो. लेणीं एकूण 16. परंतु खरें पाहण्यासारखें आहे तें चैत्यगृहाचें बाह्यांग.

हें सारें रूप लांकडी घराचें आहे. मधली नालाकृति कमान म्हणजे वाकविलेल्या वाशांचें छप्पर. तिच्या अंगास एकावर एक सज्जे, आणि त्यांमध्यें नाचणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या. भिक्षूंच्या दारीं हा उल्हास पाहून नवल वाटतें. खांब आंतल्या बाजूस किंचित् कललेले आहेत. छपराचा रेटा पेलावा म्हणून सुतार खांब असे तिरपे रोवीत. अखंड कातळाला त्याची गरज काय? तरी पाथरवटानें तें वळण सोडलें नाहीं. त्या काळच्या लांकडी इमारती नाहींशा झाल्या. त्यांची बांधणी कशी होती हें आपणांस अशा दगडांवरूनच कळतें.

उभ्याआडव्या दांड्यांचा कठडा, म्हणजे वेदिका, हें मूळचें स्तूपाभोंवतींचें कुंपण. आंतील भूमि पवित्र, ही त्याची खूण. येथें त्याच्या पट्ट्या दर्शनी भिंतीवरच कोरल्या आहेत.

डावीकडे एका भग्न भव्य मूर्तीचें मस्तक आहे. त्याजवळचा ब्राह्मी लेख सांगतो कीं, कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें. राजाचें नांव नाहीं, शिष्याचें आहे!

चैत्यगृहांतले पुष्कळ खांब तुटले आहेत, आणि दर पावसाळ्यांत कड्यावरचें पाणी लेण्यापुढें धबाबा कोसळतें.