वावरातला युरिया जातो कुठे?

वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातलं धनज हे गाव दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या मुलखात वसलेलं. खडक झिजला, बारीक माती सखल भागात साचून काळी भारी जमीन झाली. उताराला उरली ती हलकी, मुरमाड, बरड. निव्वळ वाळू सापडते ती नाल्यात. तरीही वाळूचा स्वभाव इथल्या शेतकऱ्यानं समजून घ्यायला हवा, कारण बरड वावरात विरघळलेलं खत बरंचसं वाळूतल्यासारखंच वागतं.

वाळूचा कण 2 ते 0.05 मिलिमीटर, चिकणमातीचा 0.002 हूनही लहान. खरा फरक मात्र विद्युतभाराचा आहे. काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट खनिजावर ऋण भार असतो. त्यामुळे अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम हे धन भाराचे आयन तिला चिकटून राहतात. वाळूच्या कणाकडे ही धरून ठेवण्याची ताकद नगण्य. 1850 मध्ये इंग्लंडमधल्या थॉमस वे यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी झिरपवलं, तेव्हा खाली अमोनियमऐवजी कॅल्शियम उतरलं. मातीनं एक ठेवून दुसरं सोडलं होतं. मृदाशास्त्रातला हा शोध मला फार मोलाचा वाटतो.

आता युरियाचं पाहू. युरियावर भारच नसतो. टाकल्यावर लगेच जोराचा पाऊस झाला, तर तो पाण्यासोबत सरळ खाली उतरतो. एरवी काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं आणि पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट ऋण भाराचं, म्हणून त्याला काळी मातीही धरत नाही. मग ते किती खोल जाणार, हे ठरतं माती किती पाणी पोटात ठेवते त्यावर. आधीच ओल्या असलेल्या मातीत 100 मिलिमीटर पाणी मुरलं असं धरा. वाळूत जेमतेम दहा टक्के पाणी मावतं, म्हणून नायट्रेट सुमारे एक मीटर खाली ढकललं जातं. चाळीस टक्के पाणी धरणाऱ्या भारी मातीत तेच पंचवीस सेंटिमीटरवर थांबतं. कोवळ्या कपाशीची मुळं मीटरभर खोल कुठून पोचणार?

भारी जमिनीलाही एक पळवाट असते. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी विरघळलेल्या खतासकट त्यातून थेट खाली जातं. भेगा बुजेपर्यंत खत थांबवलेलं बरं.

पाणी झटकन खाली सोडण्याच्या वाळूच्या गुणाची दुसरी बाजूही आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात चिकण माती सोडियममुळे फुगते, निचरा अडतो आणि क्षार धुऊन निघत नाहीत. तिथली जमीन रेताड असती, तर गोड पाण्यानं ते लवकर उतरले असते. म्हणजे निचरा तोच. क्षारांसाठी तो वरदान, खतासाठी गळती.

तेव्हा बरड वावरात युरिया एकदम न देता तीन-चार हप्त्यांत द्या, मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा आणि शेणखत भरपूर घाला. कुजलेला सेंद्रिय अंश पाणीही धरतो, अमोनियमही. निसटलेलं नायट्रेट अखेर विहिरीत पोचतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त. उताराखालच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक घरानं पावसाळ्यानंतर ते एकदा तरी तपासून घ्यावं.