मिरजेच्या तंबोऱ्याला तार चढविताना

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा हुनर हाती घेतला. परंतु सातारा-सांगलीचे गिऱ्हाईक तंबोरा घेताना भोपळा पाहते, नक्षी पाहते आणि घासाघीस सुरू करते. तारेबद्दल विचारणारा विरळा. आम्ही कापडवाले पोत चाचपल्याशिवाय भाव बोलत नाही, म्हणून आम्हास याचे नवल वाटते.

तंबोऱ्यास तारा चार. खालच्या टोकाला तारेचा फास अडकवितात, मणी ओवतात, घोडीवरून तार वर नेऊन खुंटीला गुंडाळतात. पहिली तार पंचमाची, मधली पोलादी जोडी षड्जाची, चौथी पितळेची जाड, खर्जाची. मर्दानी तंबोरा खालच्या पट्टीचा, त्याच्या तारा जाड. जनानी तंबोऱ्याच्या बारीक. अदलाबदल झाली तर बारीक तार ढिली पडून नुसती खडखडते आणि जाड तार ताणाने तुटते.

तार मागविताना एक फसगत होते. आपल्याकडील गेजात, सुताच्या नंबराप्रमाणेच, आकडा वाढला की तार बारीक. पियानोच्या तारेत नेमके उलटे! जर्मनीची रोसलाऊ तार मुळात पियानोची, पण सतारवादकही ती पसंत करतात. तेव्हा नुसता आकडा न सांगता जाडी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी.

सतारीत दोन धाटण्या आहेत. पंडित रविशंकर यांच्या खर्ज-पंचम पद्धतीत वरच्या तारा सात, त्यांत खर्जाच्या जाड तारा असतात. उस्ताद विलायत खाँ यांच्या धाटणीत सहाच. खर्जाची तार नाही. पडद्यांखालच्या तरफा निराळ्या, साधारण अकरा ते तेरा. कोणती धाटणी हवी ते ऑर्डर देतानाच सांगावे.

तारा चढल्या तरी वाद्य बोलत नाही. घोडीचा माथा कानोसा घेत घासावा लागतो, ती जव्हारी. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवून आवाज खुलवितात. खरी मेहनत ही, आणि भाव पाडताना गिऱ्हाईक नेमकी हीच विसरते. कापडाची किंमत वेगळी, शिलाई वेगळी, असे आमच्या धंद्यात सर्रास चालते. वाद्यवाल्यांनीही तार व जव्हारीची मजुरी बिलात निराळी लिहावी. गिऱ्हाइकाने ती द्यावी, आणि त्याच गेजाचा एक जादा संच सोबत बांधून घ्यावा.