ओ न देणारी होडी

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघालेली होडी वायरलेसवर ओ देत नाही. बॅटरी उतरली, टप्प्याबाहेर गेली, की बुडाली? किनाऱ्यावर तिन्हींचा आवाज एकच: शांतता.

जोडलेल्या संगणकांचं दुखणं हेच. दर काही क्षणांनी ‘मी आहे’ असा निरोप धाडायचा, हा त्यांचा रिवाज. निरोप चुकला की शेजारी समजतो, हा गेला. पण निरोप वाटेत रेंगाळला असेल तर? कारभार दुसऱ्याकडे सोपवला आणि पहिला परतला, की एका घरात दोन कारभारी! म्हणून बहुमत लागतं, पाचांपैकी तिघांचं.

तरीही हमी नाहीच. निरोपाच्या वेळेला बंधन नसेल आणि एखादंच यंत्र कोसळू शकत असेल, तर ठरावीक नियमांची कोणतीही पद्धत दर वेळी एकमत घडवेलच असं नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ साली सिद्ध केलं. पुढे १९९६ मध्ये चंद्रा आणि टूएग यांनी दिलासा दिला: कोण कोसळलं हे सांगणारा पहारेकरी अधूनमधून चुकला तरी चालतो, फक्त निदान एका धडधाकट यंत्रावरचा त्याचा संशय कधीतरी कायमचा थांबायला हवा.

हा पेच कागदावरचाच नाही: २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये दूरसंचार जोडण्या बिघडल्या. ११.४० ला थांबलेले व्यवहार ३.४५ ला सुरू झाले. बाजाराची नियामक असलेल्या सेबीने विचारलं, राखीव केंद्राकडे कारभार का नेला नाही?