राखणदार उरला, मुंजा उठून गेला

विसाव्या शतकाच्या पहाटे मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना एक वेगळंच काम लागलं होतं: गावातली भुतं लिहून काढायची. प्रश्न ए. एम. टी. जॅक्सन यांच्या खटपटीतून आले होते, तेच जॅक्सन ज्यांना १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. मास्तरांची उत्तरं पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी छापून आणली आणि १९२४ च्या ‘फोकलोअर ऑफ बॉम्बे’तही ती मुरली. मुंजा, हडळ, समंध, खवीस, वेताळ, चकवा, आसरा अशी ही सगळी मंडळी सरकारी शिस्तीत तिथे हजर आहेत. फिलिपिन्समध्ये हेच काम त्याच्या तीनशे वर्षं आधी एका स्पॅनिश पाद्र्यानं केलं. हुआन दे प्लासेन्सिया यांनी १५८९ मध्ये तागालोग लोकांच्या चालीरीती लिहिताना तिथल्या आस्वांगची नोंद केली. भूत मोजायला बहुधा परकाच लागतो. घरचा माणूस त्याचं नाव घेत नाही, लांबून हात जोडतो.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. तिथला काप्रे म्हणजे बालेतेच्या झाडावर चिरूट ओढत बसलेला राक्षसी पुरुष. बालेते आपल्या वडा-पिंपळाच्याच कुळातलं, आणि आपला मुंजाही पिंपळावरच. घोड्याच्या तोंडाचा टिकबालांग वाटसरूला त्याच रानात गोल गोल फिरवतो, आपला चकवाही तेच करतो. तिथे सुटकेसाठी सदरा उलटा घालतात, आपल्याकडे जागच्या जागी बसून उजाडायची वाट बघतात. पण तिथले बरेचसे जीव कधी माणूस नव्हतेच. ती वेगळी जमात आहे, आपल्याआधीपासून रानात राहणारी. म्हणूनच वारुळाजवळून जाताना तिथला माणूस ‘जरा जाऊ द्या’ अशी परवानगी मागतो. मराठी भुतं मात्र बहुतेक आपलीच माणसं. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ, उलट्या पावलांची. पुरलेल्या धनावर जीव अडकला तो समंध. प्रत्येकाची काही ना काही बाकी राहिलेली. ही भुतं म्हणजे गावाची थकबाकीची वहीच.

आता ही वही घेऊन पुण्याजवळ भोसरीपासून चाकणपर्यंत या. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग मोटारींचे कारखाने आले आणि १९८२ मध्ये महापालिका. मोशीला इंद्रायणी ओलांडली की कुरुळी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे ही गावं कंपन्यांच्या कुंपणांत गुंतलेली दिसतात. मुंजाला पिंपळ लागतो, पण त्याहून जास्त लागते ती आठवण: कुणाचा पोरगा, कुठल्या आळीतला, कशानं गेला. लातूर-बीडहून किंवा बिहारहून येऊन चाळीत खोली घेतलेल्या कामगाराला ही आठवण कुठून असणार? त्याचा स्वतःचा मुंजा त्याच्या गावच्या पाराला बांधलेला. थर्ड शिफ्टहून परतताना त्याला भय वाटतं ते डंपरचं.

जे उरले ते वेगळे. म्हसोबा, वेताळ, साती आसरा हे कुणाचे मेलेले नातलग नव्हेत, ते जागेचे धनी. त्यांच्यासाठी वंशावळ लागत नाही, जागा असली की झालं, आणि जमीन कुणाच्याही नावावर झाली तरी राखणदार बदलत नाही. बांधावरचा शेंदरी दगड कुंपणाच्या आत गेला तरी तिथला नारळ चालूच राहतो, फक्त तो आता शेतकऱ्याऐवजी शेड उभारणारा ठेकेदार फोडतो. हे धनी फिलिपिन्सच्या शेजाऱ्यांसारखेच, परवानगी मागून राहावं असे.

इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी हे फार आधी हेरलं होतं. पुण्याच्या आसपासची गावं पायी तुडवत त्यांनी म्हसोबा, वेताळ आणि मातृदेवतांची ठाणी नोंदली. त्यांचं ‘मिथ अँड रियालिटी’ हे पुस्तक १९६२ मध्ये आलं. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखातला ‘मामाल’ प्रदेश आणि पाण्याकाठच्या मावळा देवी यांचा धागा त्यांनी जोडला. पवना-इंद्रायणीच्या काठी साती आसरांचे शेंदूर फासलेले सात दगड दिसले की तो धागा अजून तुटलेला नाही हे कळतं. नद्यांना फेस येतो तो आसरांच्या कोपामुळे नाही, सांडपाण्यामुळे. पण कोपायला त्यांना कारण पुरेसं आहे.

राखणदार टिकल्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीतून वाकडकडे बगाड निघतं, जांभुळकर घराण्यातला गळकरी त्यावर चढतो आणि आयटी पार्कच्या रस्त्यांवर त्या दिवशी संगणकवाले थांबून राहतात. याला अंधश्रद्धा म्हणून झटकणारे असतील, परंपरा म्हणून मिरवणारेही. मला त्यात मूळ गावकऱ्यांचा जमिनीवरचा दावा दिसतो. सातबारा गेला तरी मान उरला.

विरोधाची परंपराही याच मातीतली आहे. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर ध्यानाला बसणारे देहूचे तुकोबा जाखाई-जोखाईसारख्या देवतांना आपल्या अभंगात जागा नाकारतात. पुढे अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं आता गुन्हा आहे. हा कायदा हवाच होता, कारण हडळीच्या नावानं मार खाल्ला तो कायम जिवंत बाईनंच. अमावास्येला टेम्पोच्या बंपरला लिंबू-मिरची आणि बिब्बा बांधणाऱ्याच्या वाटेला हा कायदा जात नाही, जाऊही नये.

खटकतं ते आपल्या लेखक-चित्रकारांचं मौन. मनिलात बजेट टॅन आणि काजो बाल्दिसिमो यांनी २००५ पासून ‘त्रेसे’ या चित्रकथेत आस्वांग, टिकबालांग सगळे आजच्या शहरात आणून सोडले. टिकबालांग तिथे रस्त्यावर मोटारीची शर्यत लावतो. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची मालिकाही आली. आपला ‘मुंज्या’ २०२४ मध्ये पडद्यावरून पुण्यापर्यंत पोचला खरा, पण कोकणातल्या झाडावरून उतरून, घराण्याच्या मागे लागत. नारायण धारपांच्या भयकथांतल्या वाड्यांत आणि माळरानांत आपण अजून रमतो. तळवडे चौकात सेकंड शिफ्ट सुटताना चकव्यानं कंपनीची बस गोल गोल फिरवली, अशी कथा मराठीत मी तरी वाचलेली नाही, आणि त्या चौकातली वाहतूक पाहता ती लिहायला फार कल्पनाशक्ती लागेल असंही नाही.