तळ्याला हवा कधी द्यावी?

पाण्यात ऑक्सिजन मुळातच थोडा मावतो आणि पाणी तापले की आणखी कमी. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. लिटरभर हवेत मात्र तो अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. रोहू, कटला, मृगळ यांच्या निकोप वाढीसाठी लिटरमागे ५ मिलिग्रॅम तरी हवा. इतक्या तुटपुंज्या शिलकीवर जगणाऱ्या शेततळ्यासाठी यंत्र कोणते घ्यावे, याची चर्चा खूप होते. माझ्या मते ते कधी चालवावे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

बुडबुडे जितके जास्त तितका ऑक्सिजन जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. पण मीटरभर खोल पाण्यातून मोठा बुडबुडा चारेक सेकंदांत वर येऊन फुटतो. तेवढ्यात त्यातला फारच थोडा ऑक्सिजन विरघळतो. काचेच्या टाकीत तर तो त्याहून कमी वेळ पाण्यात राहतो. तिथे एअर स्टोनचे, म्हणजे बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाचे, खरे काम तळचे पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवण्याचे असते. उथळ तळ्यात पाणी उडवणारी वल्ह्यांची चाके उपयोगी पडतात, ती याच कारणाने: ती पाण्याचे थेंब हवेत फेकतात आणि पाणी पुढे ढकलतात. बारीक बुडबुड्यांचा डिफ्यूजर खोल तळ्यात अधिक शोभतो, कारण तिथे बुडबुड्याला वेळ मिळतो.

यंत्र कोणतेही असो, पाण्यात ऑक्सिजनची तूट जितकी मोठी तितका तो वेगाने विरघळतो. पाणी संपृक्त झाले की यंत्राची भर शून्यावर येते. हिरव्या तळ्यात दुपारी शेवाळामुळे ऑक्सिजन संपृक्ततेच्याही वर जातो. तेव्हा जोरात फिरणारे चाक उलट तो हवेत घालवते. रात्री तेच शेवाळ माशांबरोबर ऑक्सिजन वापरते आणि पहाटे पातळी तळ गाठते. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, ते तेव्हाच. मग दुपारी यंत्र लावूच नये का? तीन मीटर खोल शेततळ्यात वरचे गरम आणि खालचे गार पाणी वेगळे राहते. तिथे रोज दुपारी थोडा वेळ हलकेच ढवळणे हिताचे. मात्र बरेच दिवस कुजलेला तळ एकदम ढवळला, तर ऑक्सिजन नसलेले पाणी सगळीकडे पसरून मासे मरू शकतात.

रात्री विजेचा भरवसा नसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच मिळेल ती वीज मध्यरात्रीनंतरच्या तासांसाठी राखावी. तीही मिळणार नसेल, तर बीज कमी सोडावे आणि ढगाळ दिवशी खाद्य बंद ठेवावे. न खाल्लेले खाद्य कुजताना ऑक्सिजनच खाते. नवे यंत्र घेण्याआधी ऑक्सिजन मीटर घ्या आणि सूर्योदयापूर्वीची नोंद ठेवा. तो आकडा ३ मिलिग्रॅमच्या आसपास आला, की मासे वर येण्याची वाट पाहू नका.